काळजी कुठे उतरवावी?

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण भेटीस आला. वय चौतीस, संगणकाच्या व्यवसायात, गेली सहा वर्षे नेदरलँड्समध्ये नोकरीस. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याचे वडील कोरोनाने गेले, तेव्हा विमाने बंद होती आणि त्याला येता आले नाही. दफनविधी आम्हीच केला. कबरीपाशी आम्हांला धरून पाच माणसे होती, आणि सहावा हा मुलगा, कुणीतरी हातात धरलेल्या फोनच्या पडद्यावर. तेव्हापासून त्याची झोप उडाली. आईचा फोन अवेळी वाजला की त्याच्या छातीत धडधड सुरू होते, हात गार पडतात. काही वेळा तो फोन घेतच नाही आणि मग न घेतल्याच्या अपराधाने रात्रभर जागा राहतो. हे सारे त्याने पापनिवेदनात सांगितलेले नाही. देवळामागच्या अंगणात चहा घेताना सांगितले, आणि येथे लिहिण्यास त्याची अनुमती आहे.

त्याच्या कचेरीतील एक सहकारी तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आला होता. पहिल्या दिवशी मौन आणि ध्यान, दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एका विशिष्ट बुरशीच्या गाठींचे सेवन, तिसऱ्या दिवशी आलेल्या अनुभवाची वाटणी. परतल्यापासून त्या सहकाऱ्याची अनेक वर्षांची घालमेल शमली आहे म्हणे. आमच्या तरुणाने नाव नोंदवण्याची तयारी केली होती, परंतु पैसे भरण्यापूर्वी त्याला विचारावेसे वाटले. "फादर, तिथे हे कायद्याने चालते. मग यात पाप आहे का?"

"आहे" म्हणणे सोपे होते. "डॉक्टरांना विचार" असे सांगून हात झटकणे त्याहून सोपे होते. आम्ही त्याच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली आणि वाचायला बसलो. त्या आठ दिवसांचे महिने झाले. वाचकांपुढे ठेवतो आहोत ते त्या वाचनातून आणि काही प्रमाणात आमच्या स्वतःच्या लाजेतून निघालेले चिंतन आहे.

प्रथम वस्तुस्थिती. ज्यांना इंग्रजीत सायकेडेलिक म्हणतात ती द्रव्ये माणसाच्या जाणिवेचे रूपच काही तासांपुरते पालटून टाकतात. अळंबीच्या काही जातींत सापडणारे सायलोसायबिन हे त्यांतील एक. स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी ते १९५८ मध्ये वेगळे काढले. त्याआधी १९४३ मध्ये एलएसडीचा प्रभाव प्रथम अनुभवला तोही त्यांनीच. नेदरलँड्सने २००८ च्या अखेरीस अशा अळंब्यांवर बंदी घातली, परंतु त्यांच्या जमिनीखालच्या गाठी त्या बंदीतून सुटल्या, आणि त्या फटीतून ही शिबिरे वाढली. अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या मतदारांनी २०२० मध्ये सायलोसायबिनच्या देखरेखीखालील वापरास संमती दिली. २०२३ पासून तेथे परवानाधारक केंद्रे चालू आहेत, आणि बहुतेक ठिकाणी एका सत्राला हजार डॉलरांहून अधिक पडतात. ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये मनोविकारतज्ज्ञांना ठराविक रुग्णांसाठी ते लिहून देण्याची मुभा दिली. आपल्या देशात मात्र १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली सायलोसायबिन आणि एलएसडी दोन्ही निषिद्ध आहेत. तेव्हा गोव्याच्या किनाऱ्यावर वा आणखी कुठे कुणी अशा शिबिराचे आमिष दाखवीत असेल, तर त्या बाबतीत चिंतनाची गरजच नाही.

रिट्रीट हा शब्द वास्तविक आमच्या घरातला. वर्षातून एकदा धर्मगुरूंनी, सिस्टरांनी आणि जमल्यास प्रापंचिकांनीही जग थोडे बाजूस सारून प्रभूसमोर बसावे, यासाठी तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी रुळला. आता तो समुद्रकाठच्या हॉटेलांच्या पाट्यांवर दिसतो. आम्हांला याचा राग नाही, किंचित हसू येते. पण आमच्या देवळांतून लोक ज्यासाठी येत असत, त्याच वस्तूच्या शोधात ते आता दुसरीकडे जात असतील, तर त्यांना दटावण्याआधी आपल्याकडे ती वस्तू शिल्लक आहे का, हे पाहणे बरे.

या उपायांचा गुण येतो का? येतो, असे म्हणावे लागते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाने ग्रासलेल्या ५१ रुग्णांना सायलोसायबिन दिले. मरणाच्या भयाने आणि खिन्नतेने खचलेली ही माणसे होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतरही सुमारे चार-पंचमांश रुग्णांचे भय आणि औदासीन्य लक्षणीय प्रमाणात उतरलेले होते. सजगतेच्या साधनेची गोष्टही तशीच. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात आठ आठवड्यांचा एक पाठ सुरू केला. ज्यांच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते अशा रुग्णांना ते श्वासाकडे लक्ष देण्यास, एक मनुका सावकाश चावून खाण्यास शिकवीत. बौद्ध परंपरेतून घेतलेली ही साधना त्यांनी जाणूनबुजून धर्माच्या शब्दांवाचून मांडली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांपैकी निम्म्यांना हा पाठ आणि निम्म्यांना एसिटालोप्राम हे प्रचलित औषध देण्यात आले. आठ आठवड्यांनी पाठाचा गुण औषधाहून कमी ठरला नाही.

या आकड्यांत काही कच्चे दुवे आहेत. सायलोसायबिन मिळाले की नाही हे घेणाऱ्याला तासाभरातच कळते, त्यामुळे औषधाचा गुण किती आणि आशेचा किती हे वेगळे करणे अवघड. शिवाय ज्यांच्या घराण्यात गंभीर मनोविकाराचा इतिहास आहे अशांना या चाचण्यांतून आधीच वगळलेले असते. शिबिरांच्या दारावर अशी चाळणी असेलच असे नाही. तरीही माणसांना आराम पडतो, हे खरे मानूनच पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होईल. उपाय खोटा आहे असे सिद्ध झाले की नैतिक प्रश्न आपोआप मिटतो, आणि आपल्यासारख्यांना तो तसा मिटलेला आवडतो. उपाय खरा असेल तर काय, हा प्रश्न खरा.

आमच्या काही बंधूंचे उत्तर ठरलेले आहे: गोळीने आलेली शांती ही शांतीच नव्हे. हे उत्तर आम्हांला पटत नाही. २०२१ च्या त्या दोन महिन्यांनंतर आम्ही स्वतः वर्षभर झोपेची आणि मनाची औषधे घेतली; ती मनोविकारतज्ज्ञांनी दिली होती आणि त्यांच्या बळावर आम्ही वेदीपाशी उभे राहू शकलो. पोप बाराव्या पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात वेदनाशमन नीतीला धरून आहे आणि वेदना सोसत राहणे हे ख्रिस्ती माणसावर बंधन नाही, हे स्पष्ट केले. सबळ कारणावाचून माणसाची शुद्ध मात्र हिरावू नये, अशीही पुस्ती जोडली. आणि मूलतः, पाण्याने नवा जन्म देणाऱ्या, तेलाने आजाऱ्याला अभ्यंग करणाऱ्या, भाकर आणि द्राक्षारसापुढे गुडघे टेकणाऱ्या माणसांनी द्रव्याला तुच्छ लेखणे शोभत नाही. कृपा द्रव्यातून वाहू शकते हे आपणच जगाला सांगितले. मग अळंबीतून ती का वाहू नये, असे कुणी विचारले तर नुसते डोळे वटारून चालणार नाही.

हे कुणीतरी तपासून पाहिलेले आहे, तेही उत्तम शुक्रवारी. २० एप्रिल १९६२ रोजी बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलमध्ये वॉल्टर पान्के या संशोधकाने धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांना तळघरातील छोट्या प्रार्थनागृहात बसवले. दहांना सायलोसायबिन दिले, दहांना अंगावर नुसती ऊब आणणारे एक जीवनसत्त्व. वरच्या देवळात हॉवर्ड थर्मन उपासना चालवीत होते आणि त्यांचा आवाज ध्वनिक्षेपकातून खाली येत होता. ज्यांना खरे द्रव्य मिळाले त्यांतील बहुतेकांनी जो अनुभव सांगितला, तो संतांच्या साक्षात्कारांच्या वर्णनाशी जुळत होता. पंचवीस-एक वर्षांनी रिक डॉब्लिन यांनी त्या वीसपैकी सोळा जणांना गाठले. द्रव्य मिळालेल्या गटातील जे भेटले ते सारे अजूनही त्या दिवसाला आपल्या आयुष्यातील खरा आध्यात्मिक क्षण मानीत होते. परंतु डॉब्लिन यांच्या हाती आणखी एक गोष्ट लागली, आणि १९९१ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्या दुपारी एक विद्यार्थी अनावर होऊन देवळाबाहेर निघून गेला होता. त्याला परत आणून शांत करणारे इंजेक्शन द्यावे लागले होते. पान्के यांनी आपल्या प्रबंधात या इंजेक्शनाचा उल्लेखच केला नाही.

पान्के यांचे निष्कर्ष या एका लपवाछपवीने खोटे ठरत नाहीत. पण ज्या दिवशी जग एका जखमी माणसाकडे पाहत उभे असते, त्याच दिवशी आपल्यांतला एक जखमी माणूस अहवालातून गळावा, हे आमच्या मनाला लागून राहिले. आनंद झालेल्यांची वर्णने पानेच्या पाने आहेत, आणि तो एकटा मात्र गाळलेला आहे.

या साऱ्या कथेची मुळे १९५५ या एकाच वर्षात दोन दूरच्या ठिकाणी सापडतात. त्यांवर थोडे रेंगाळण्यास वाचकांनी क्षमा करावी.

मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील उआउत्ला या डोंगराळ गावी मारिया साबिना नावाची एक निरक्षर माझातेक स्त्री राहत असे. ती गरीब होती, विधवा होती आणि बाप्तिस्मा झालेली, येशूच्या पवित्र हृदयाच्या भगिनीमंडळात नाव असलेली कॅथलिक होती. रात्री ती आजाऱ्यांसाठी जागरण करी. अळंब्यांना ती आदराने पवित्र मुले म्हणे. त्या खाऊन, रात्रभर गात, आजाराचे मूळ शोधी. २९ जून १९५५ च्या रात्री गॉर्डन वॉसन नावाचे न्यूयॉर्कच्या एका मोठ्या पेढीतील अधिकारी तिच्या जागरणात बसले. अळंब्यांचा अभ्यास हा त्यांचा छंद होता. पण नुसत्या कुतूहलासाठी जागरण होत नाही, कुणीतरी संकटात असावे लागते. म्हणून आपल्याला मुलाची काळजी वाटते, त्याची खबर हवी आहे, असे कारण त्यांनी पुढे केले. १३ मे १९५७ च्या 'लाइफ' साप्ताहिकात त्यांनी ही हकीकत छापली. तिचे खरे नाव त्यांनी लपवले होते, तरी ते फुटायचे ते फुटलेच. पुढच्या दशकात परदेशी तरुणांचे तांडे त्या डोंगरावर चढले. गावाला उपद्रव झाला, तिचे घर जाळण्यात आले. उतारवयात तिने आपली कहाणी सांगितली ती खिन्न आहे. परके आल्यापासून पवित्र मुलांचे बळ गेले, असे तिचे म्हणणे. आणि पूर्वी ती मुले कुणी देव पाहण्यासाठी घेत नसे, आजारी बरे व्हावेत म्हणूनच घेत, असेही. १९८५ मध्ये ती दारिद्र्यातच वारली.

त्याच १९५५ मध्ये ब्रह्मदेशातील रंगून शहरी सत्यनारायण गोएंका नावाचे एकतीस वर्षांचे भारतीय उद्योजक सयाजी ऊ बा खिन यांच्या दारी गेले. ऊ बा खिन हे सरकारी हिशेब खात्याचे सर्वोच्च अधिकारी आणि विपश्यनेचे आचार्य. गोएंकांना अर्धशिशीचा भयंकर विकार होता. देशोदेशीचे डॉक्टर झाले. वेदना थांबवण्यास मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत, आणि आता त्या मॉर्फिनचीच सवय जडेल अशी भीती होती. ते सरळ म्हणाले, डोकेदुखी जावी म्हणून आलो आहे. आचार्यांनी नकार दिला. डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका, एवढ्यासाठी ही साधना नाही. चित्तशुद्धीसाठी येणार असाल तर या, दुखणे त्यात गेले तर जाईल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. गोएंका पुन्हा आले ते वेगळा हेतू घेऊन. पुढे ते १९६९ मध्ये भारतात आले. मुंबईहून नाशिकला आगगाडीने जाणाऱ्या कुणालाही इगतपुरीचे धम्मगिरी ठाऊक असते; १९७६ पासून तेथे दहा दिवसांची शिबिरे चालू आहेत. शिकवण्याचे वा जेवणाखाण्याचे शुल्क तेथे घेत नाहीत. पाठ पुरा केल्यावर ज्याला द्यावेसे वाटेल त्याचे दान तेवढे घेतात.

आता गंमत पाहा. रंगूनचे आचार्य सांगतात, दुखण्यासाठी येऊ नका. उआउत्लाची म्हातारी सांगते, दुखण्यासाठीच या, देव पाहण्यासाठी नको. वरवर पाहता दोघांचे म्हणणे एकमेकांच्या अगदी उलट आहे. आम्हांला मात्र ते एकाच दिशेने जाताना दिसते. दोघांनाही साधन आणि ज्यासाठी ते आहे ती गोष्ट यांची ताटातूट नको होती. अळंबी त्या आईच्या मांडीवरच्या तापल्या मुलासाठी होती, मौन हे आयुष्यभराच्या शीलासाठी होते. त्यांतला अनुभव तेवढा सोलून काढून, सुटीच्या तीन दिवसांत बसवून विकायला ठेवला, तर जे उरते त्याला काय म्हणावे? वॉसन यांनी सांगितलेली मुलाची काळजी ही केवळ दार उघडण्यापुरती होती. आजच्या शिबिरात येणाऱ्याची काळजी खरी असते, एवढे मात्र त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे. तो ढोंग करीत नाही. तो थकलेला असतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडलेला माणूस म्हणजे संत इग्नेशियस लोयोला. १५२२ मध्ये मानरेसा येथे ते आठवडेच्या आठवडे अपराधभयाने पोळत होते. तीच तीच पापे पुन्हा पुन्हा सांगूनही समाधान नाही, इतके की खोलीतल्या भगदाडात उडी घेऊन जीव द्यावा असा मोह त्यांना वारंवार होई. आजच्या डॉक्टरांनी त्याला विकाराचे नाव दिले असते. याच काळात त्यांना हवेत एक सुंदर वस्तू दिसू लागली. आकार सर्पासारखा, अंगावर डोळ्यांसारखे चमकणारे असंख्य ठिपके. ती दिसली की त्यांना अतिशय बरे वाटे, नाहीशी झाली की हुरहुर लागे. पुढे कार्दोनेर नदीकाठी त्यांच्या मनाचे डोळे उघडले. तेथून जवळच्या एका क्रुसापुढे ते गुडघे टेकून बसले असता तीच वस्तू पुन्हा आली, आणि क्रुसाच्या सान्निध्यात तिचा रंग त्यांना फिका दिसला. ही सैतानाची करणी, असा निर्णय त्यांनी तेव्हा केला.

बरे वाटते, म्हणून ते बरेच असेल असे नाही. इग्नेशियसांना हे कळायला क्रूस जवळ असावा लागला. पण त्याहून आम्हांला प्रिय आहे ती पुढची, साधीसुधी गोष्ट. तेहतिशी ओलांडलेले इग्नेशियस बार्सिलोनामध्ये पोरांसोबत लॅटिनचे व्याकरण घोकायला बसले. पाठांतर सुरू केले की त्यांच्या मनात दिव्य गोष्टींचे नवे नवे प्रकाश उजळू लागत आणि धातूंची रूपे डोक्यात शिरत नसत. त्यांना नवल वाटले: प्रार्थनेला बसतो तेव्हा, मिस्सेच्या वेळी, हे प्रकाश येत नाहीत, नेमके व्याकरणाच्याच वेळी कसे येतात? त्यांनी ते मोह म्हणून ओळखले, गुरुजींना देवळात नेले आणि दोन वर्षे एकही पाठ चुकवणार नाही असे वचन दिले. प्रकाश खोटे होते असे ते म्हणत नाहीत. ते कशाच्या आड आले, एवढेच त्यांनी पाहिले.

१९८९ मध्ये श्रद्धासिद्धांत मंडळाने ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना पाठवलेल्या पत्रात हेच बीज आहे. त्यावर तेव्हाच्या कार्डिनल रॅट्झिंगर यांची सही आहे. पूर्वेकडील साधनपद्धती प्रार्थनेस पोषक ठरू शकतात हे ते पत्र मान्य करते. मात्र शरीराच्या काही अभ्यासांनी आपोआप जी शांतता, जी ऊब आणि प्रकाश जाणवतो, त्यालाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, असेही बजावते. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो. फादर अँथनी डिमेलो यांचे 'साधना' आमच्या खोल्यांतून हातोहात फिरत होते, आम्ही सारे डोळे मिटून श्वास मोजीत होतो, आणि हे पत्र आम्हांला वृद्धांची कुरकुर वाटले होते. आज ते तितके कुरकुरे वाटत नाही. श्वास आम्ही अजूनही मोजतो.

आमच्या लाजेची गोष्ट येथेच सांगून टाकू. २०२२ मध्ये, औषधे बंद झाल्यावर, आम्ही आठ दिवसांच्या मौन साधनेस गेलो. फार चांगले दिवस होते ते. मनातील गोंगाट बसला, झोप परत आली, २०२१ च्या त्या कबरी स्वप्नांतून गेल्या. परतल्यावर तिसऱ्या दिवशी एक विधवा भगिनी आली. तिचा एकुलता मुलगा दारूच्या नादाने घरातून निघून गेला होता. ती बोलत होती, आम्ही ऐकत होतो. श्वास आत, श्वास बाहेर, चित्त स्थिर. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "फादर, तुम्ही ऐकताय ना?" ऐकतोय, म्हणालो. तिने थोडे पाहिले आणि उठता उठता म्हणाली, "पूर्वी तुम्ही आमच्याबरोबर घाबरायचात. तेव्हा बरं वाटायचं."

त्या बाईला उत्तर देणे आम्हांला अजून जमलेले नाही. तिने आमच्या शांतीला खोटे म्हटले नाही. शांती खरीच होती. पण त्या शांतीत तिला बसायला जागा नव्हती.

आपल्या भाषेने यासाठी एक चमत्कारिक सोय करून ठेवली आहे. काळजी वाटते तीही काळजीच, आणि काळजी घेतो तीही काळजीच. ज्या शब्दाने रात्रीची झोप जाते, त्याच शब्दाने आजाऱ्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला जातो. चिंता शब्दाला हे दुसरे अंग नाही. चिंता कुणी घेत नाही. चिंताविकार हा आजार आहे, त्याने माणूस स्वतःत कोंडला जातो, आईचा फोनही त्याला घेववत नाही. तो उतरवलाच पाहिजे, औषधाने, साधनेने, ज्या न्याय्य वाटेने उतरेल त्या वाटेने. पण काळजीचे एक टोक आपल्या छातीत आणि दुसरे कुणा माणसाच्या घरात बांधलेले असते. छातीतली गाठ सोडवताना तो धागाच कापला गेला, तर माणूस मोकळा होतो हे खरे, पण त्या घरी मग कुणीच येत नाही.

गेथशेमानीच्या बागेत प्रभूला जे झाले त्याला शुभवर्तमानकार व्याकुळता म्हणतात, रक्ताचा घाम म्हणतात. त्या रात्री त्याने ती व्याकुळता उतरवण्यासाठी एकच उपाय मागितला: मित्रांनी आपल्यासोबत जागे राहावे. तेही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी क्रुसापाशी सैनिकांनी गंधरस मिसळलेला द्राक्षारस पुढे केला, तो त्याने घेतला नाही. यावरून आजाऱ्याने औषध नाकारावे असा नियम कुणी काढू नये. असा नियम ख्रिस्तसभेने कधी काढलेला नाही, आणि दुसऱ्याच्या वेदनेवर भक्ती करण्याची आपल्यांतल्या काहींना जी हौस असते तिला खतपाणी घालण्याची आमची इच्छा नाही. पण तो नकार देणाऱ्याला अजून कुणाशी तरी बोलायचे होते. आईची सोय लावायची होती, शेजारच्या क्रुसावरच्या चोराला उत्तर द्यायचे होते.

तरुणाला आम्ही अखेर काय सांगितले? फोनवर सांगितले, कारण तो परत गेला होता. प्रथम विचारले, घराण्यात कुणाला मनाचा मोठा आजार होता का? एका काकांना होता. ते वर्षानुवर्षे रुग्णालयात होते. हे शिबिरवाल्यांनी विचारले का? ऑनलाइन अर्जात एक चौकोन होता, त्यात खूण करायची होती, म्हणाला. तेव्हा आम्ही स्पष्ट म्हणालो की ज्या चाचण्यांच्या भरवशावर ही शिबिरे चालतात, त्यांत तुला प्रवेशच मिळाला नसता; हे पापपुण्याच्या आधीचे उत्तर आहे. मग विचारले, तुला नक्की काय व्हायला हवे आहे? तो म्हणाला, "आईचा फोन वाजला की भीती वाटू नये." आम्ही विचारले, "भीती गेली आणि त्याबरोबर फोन घ्यावासा वाटणेही गेले, तर चालेल?" बराच वेळ तो बोलला नाही. आम्हांला वाटले फोन तुटला.

तो तेथील डॉक्टरांकडे गेला. औषध चालू आहे, आणि डॉक्टरांनीच सुचवलेला आठ आठवड्यांचा सजगतेचा पाठ त्याने पुरा केला. झोप बरी आहे. धडधड अजून अधूनमधून होते. उपवासकाळात त्याची आई मिस्सेनंतर थांबली आणि जरा तक्रारीच्या सुरात म्हणाली की, पूर्वी फोनवर पैसे पाठवू का एवढेच विचारायचा, आता वडिलांच्या शेवटच्या दिवसांचे विचारीत बसतो. काय खाल्ले, काय बोलले, रुग्णवाहिका किती वाजता आली. "मला सांगवत नाही, फादर. पण सांगते."

पुढच्या आठवड्यात त्याने आम्हांलाही फोन केला. त्याला दफनाची हकीकत हवी होती, पहिल्यापासून. पडद्यावर चित्र सारखे गोठत होते, त्यामुळे अर्धेअधिक त्याला दिसलेच नव्हते. आम्ही नोंदवही काढली, वेळ सांगितली, कुठली प्रार्थना म्हटली ते सांगितले, ऊन किती होते ते सांगितले. मग त्याने विचारले, ती पाच माणसे कोण? आम्ही मोजू लागलो. आम्ही, आई, धाकटा चुलता, फोन धरणारा शेजारी. पाचवा आम्हांला आठवेना. नोंदवहीत ते लिहीत नाहीत. विचारून सांगतो, म्हणालो. त्याच्या आईला विचारले तर नाव तिलाही ठाऊक नव्हते. पांढऱ्या पोशाखातला पालिकेचा कुणी कामगार होता, म्हणाली. तोंड दिसत नव्हते, पण माती लोटण्यापूर्वी त्याने फावडे खाली ठेवून हात जोडले होते.